चौदा नंबरच्या रहिवाशास

पेनरोझ सभागृह
९ ऑगस्ट २०२३

रिव्हर टेरेस, घर क्रमांक १४, मुंडारा
येथील रहिवाशास,

प्रिय शेजारी,

आपली ओळख नाही, तरी लिहीत आहे. मी पेनरोझच्या ख्रिस्ती मंडळीतली एक म्हातारी बाई. पूर्वी आम्ही दारोदार येऊन दोन शब्द बोलत असू. आता माझा खुबा साथ देत नाही, म्हणून दाराऐवजी पत्रपेटीपर्यंत येते.

गेल्या वर्षीच्या पुरात तुमच्या रस्त्यावर पुष्कळांचं पुष्कळ गेलं, असं इकडं ऐकलं. तुम्हीही कशाला किंवा कुणाला मुकला असाल. अशा वेळी मनात येतं, देवाला माझी काळजी आहे का? पवित्र शास्त्र म्हणतं, आहे. असा दिवस येईल की कुणाच्या डोळ्यांत पाणी राहणार नाही, आणि जे दुरावले ते परत भेटतील. मला याचा मोठा आधार वाटतो. तुम्हालाही वाटावा.

सोबत एक छोटी पुस्तिका आहे. वाचून काही विचारावंसं वाटलं तर वरच्या पत्त्यावर लिहा. पत्र नको असेल तर तसंही कळवा. पुन्हा त्रास देणार नाही.

तुमची हितचिंतक,
एम. जी.


मुंडारा
१५ ऑगस्ट

आई,

तू ज्याला प्रिय शेजारी म्हणालीस तो मी आहे. जोएल.

पाकीट उघडलं तेव्हा रबराचा भुगा माझ्या मांडीवर सांडला. अजून पेन्सिलीनं रेघा आखतेस, त्यांवर शाईनं लिहितेस आणि मग रेघा खोडून टाकतेस. असं करणारं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही. आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर, तू मला असंच लिहायला शिकवलंस. "रेघ दिसायला नको, पण अक्षरानं तिला सोडायलाही नको," म्हणायचीस. खालचं एम. जी. वाचायच्या आधीच मी पायरीवर बसलो होतो.

मंडळीनं मला बाहेर काढलं त्याला आता एकोणीस वर्षं होतील. मी कॅथलिक मुलीशी तिच्या चर्चमध्ये लग्न केलं आणि तिथंच गुडघे टेकू लागलो, एवढं पुरलं. बाहेर काढलेल्याशी बोलायचं नाही, त्याच्याबरोबर जेवायचं नाही, त्याला लिहायचं नाही, हा नियम मी तुझ्याच घरात शिकलो. त्यामुळं बाबांना पुरलं त्या दिवशी मी स्मशानाच्या कुंपणाबाहेर उभा होतो, तू मला पाहिलंस आणि न पाहिल्यासारखं केलंस, तेव्हा मला राग आला नाही. थकवा आला. तो अजून गेलेला नाही.

तीन वर्षांपूर्वी आम्ही पोर्ट पिरीहून इथं आलो. मी इथली फेरीबोट चालवतो. पाण्यातल्या तारेच्या आधारानं या काठाहून त्या काठाला. तुझं पेनरोझ नदीच्या पलीकडं, गाडीनं पाऊण तासावर. मला ते ठाऊक होतं. तुला मी इथं असल्याचं ठाऊक नसावं असं वाटत होतं.

आता वाटतंय की तुला कळलं. थेट लिहिता येत नाही म्हणून ही वाट काढलीस. तसं असेल तर, आई, तुझ्या डोक्याला सलाम. माझी बायको बर्नी पत्र वाचून म्हणाली, "एकोणीस वर्षांनी लिहिलं आणि तेही 'आपली ओळख नाही'पासून. तुमचं घराणंच वेगळं!" पण ते पत्र तिनंच काचेच्या कपाटात ठेवलं.

तुला नात आहे. टेस नाव तिचं.

उत्तर दे.

जोएल


पेनरोझ सभागृह
२९ ऑगस्ट

प्रिय शेजारी,

तुमचं पत्र मिळालं. पुन्हा पुन्हा वाचलं.

तुमचा एक गैरसमज झाला आहे. तो आधी दूर करते, कारण खोट्या समजावर काही उभं राहत नाही. मला तुमचा ठावठिकाणा कुणी सांगितलेला नव्हता. आम्हांला रस्त्याचं एक कार्ड मिळतं. त्यावर घरांचे क्रमांक असतात, माणसांची नावं नसतात. तुमच्या आधी मी बारा नंबरला लिहिलं, तुमच्या नंतर सोळाला. तिन्ही घरांना तेच पत्र गेलं. एका ओळीचाही फरक नाही. हे सांगताना मला बरं वाटत नाही, पण खरं हेच आहे.

तुम्ही लिहिलेल्या बाकीच्या गोष्टींना उत्तर द्यायची मला मुभा नाही. का नाही, ते तुम्ही जाणता.

मला काय करता येतं तेही सांगते. कार्डावर प्रत्येक घरापुढं दोनपैकी एक खूण करायची असते. रहिवाशानं 'लिहू नका' म्हटलं तर फुली. मग त्या घराला मंडळीतलं कुणीही पुन्हा लिहीत नाही. रहिवाशानं शास्त्राविषयी काही विचारलं तर वर्तुळ. मग ज्यानं पहिलं पत्र लिहिलं त्यानं उत्तर द्यायचं. ते त्याचं कर्तव्यच आहे. कोण विचारतोय, हे कार्ड विचारत नाही.

चौदा नंबरपुढं मी अजून कसलीच खूण केलेली नाही.

एम. जी.


मुंडारा
१७ सप्टेंबर

प्रिय एम. जी. बाई,

उत्तराला उशीर झाला. तिन्ही घरांना एकच पत्र गेलं हे पचायला थोडे दिवस लागले.

तुमच्या माहितीसाठी: बारा नंबरला व्हर्ना पॅस्को राहते, एकटी. तुमचं पत्र तिनं फ्रीजवर चिकटवलंय. "मला हातानं लिहिलेलं पत्र आलं," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. आत काय लिहिलंय त्याच्याशी तिला देणंघेणं नाही. सोळा नंबर पुरापासून रिकामं आहे. तिथल्या पत्रपेटीत तुमचं पत्र अजून असेल.

म्हणजे तुम्ही चुकूनच माझ्या दारात आलात. मी यावर बरेच दिवस विचार केला. फेरीबोटीवर विचाराला वेळ पुष्कळ. चुकून आलेलं माणूसही दारात आलेलंच असतं, इथपर्यंत पोचलोय.

शास्त्राविषयी मला एक प्रश्न आहे.

दुष्काळातली ती गोष्ट. ज्या भावाला बाकीच्यांनी विकून टाकलं तो परमुलखात कोठारांचा अधिकारी झाला. भाऊ धान्य मागायला आले. त्यानं त्यांना ओळखलं, त्यांनी त्याला नाही. त्यांची भाषा ती त्याचीच भाषा. तरी त्यानं मधे दुभाष्या उभा केला आणि त्याच्यामार्फत बोलला. आणि मग बाजूला जाऊन रडला.

लहानपणी मला वाटायचं, तो सूड घेतोय. आता तसं वाटत नाही. ज्याला सगळं समजत होतं त्याला मधे दुभाष्या कशाला हवा होता?

आपला,
रहिवासी, घर क्रमांक १४


पेनरोझ सभागृह
४ ऑक्टोबर

प्रिय शेजारी,

चौदा नंबरपुढं वर्तुळ केलं आहे.

तुमचा प्रश्न चांगला आहे. मी आमची पुस्तकं पाहिली. त्यांत म्हटलंय की त्याला भावांची परीक्षा घ्यायची होती. ते बरोबरच असेल. पण तुम्ही मला विचारलंत म्हणून माझं सांगते. थेट बोलला असता तर पहिल्याच वाक्याला त्याचा आवाज फुटला असता. दुभाष्या काही शब्द पोचवायला नव्हता. त्याला थोडी उसंत मिळावी म्हणून होता. एक वाक्य जाऊन येईपर्यंत माणूस स्वतःला सावरू शकतो.

पुढं दुसऱ्यांदा तो रडायला आतल्या खोलीत जातो, तेव्हा बाहेर येण्याआधी तोंड धुतो. मग येऊन म्हणतो, जेवण वाढा. मला ते तोंड धुणं फार आवडतं. एवढी बारीकशी गोष्ट उगाच नाही लिहिलेली. लिहिणाऱ्यानं कधीतरी कुणाला मोरीत तोंड धुताना पाहिलं असणार आणि काही विचारलं नसणार.

आमच्याकडं तरुणांसाठी वेगवेगळ्या पुस्तिका आहेत. घरात कुणी मूल असेल तर त्याचं वय, शाळेत कसं चाललंय, काय आवडतं, काय खातं, कुणासारखं दिसतं आणि उंची किती, हे कळवावं. म्हणजे योग्य ती पुस्तिका निवडता येईल.

उंचीचा पुस्तिकेशी काय संबंध, असं विचारू नये.

एम. जी.

ता. क. अक्षर वाकडं आलं असेल तर माफी. वाळवणाचे जर्दाळू कापून कापून अंगठा लहानपणीच कामातून गेला, आणि आता डोळे चाललेत.


मुंडारा
२१ ऑक्टोबर

प्रिय एम. जी. बाई,

घरात एक मूल आहे. टेस. सोळा पूर्ण. उंची, पुराच्या पाण्याची खूण आमच्या दाराच्या चौकटीवर आहे तिच्यावर एक वीत. डावखुरी. पाव भाजताना करपवते आणि "मला करपलेलाच आवडतो" म्हणते. गणित बरं, शिस्त यथातथा. मागच्या आठवड्यात शाळेत विचारलं, "टेस, पुढं काय व्हायचा विचार आहे?" तर म्हणाली, "उशिरा उठणारी."

घाईनं चालताना डावा हात कमरेच्या मागं धरते. ही सवय तिनं कुणाची उचलली ते मला ठाऊक आहे. तिला नाही. त्या माणसाला तिनं कधी पाहिलेलंच नाही.

तुमच्या पत्रांवरून मी घरात बोलणी खातो. बर्नी म्हणते, "आलं का रे तुझ्या मैत्रिणीचं पत्र?"

"मैत्रीण नाही, आई आहे ती."

"आई असती तर नावानं हाक मारली असती. ही तुला घर नंबर म्हणते. विजेच्या बिलावरसुद्धा नाव असतं तुझं!"

टेसनं पत्र हातातून ओढून वाचलं. "बाबा, उंचीपण विचारलीय. पुस्तिका पाठवतेय की झगा शिवतेय?"

त्यावर दोघी खूप हसल्या. मग बर्नी ओटा पुसता पुसता थांबली आणि म्हणाली, "उंची विचारतेय म्हणजे बाई हरलीय रे. लिही तिला. सगळं लिही."

तर लिहितो. काम तेच. गाड्या घ्यायच्या, त्यांच्यापुढं अडवणीचा दांडा पाडायचा, पलीकडं न्यायच्या, दांडा उचलायचा. लोक विचारतात, कंटाळा येत नाही? येतो. पण अर्ध्या पाण्यात बोट असते तेव्हा कुणाला कुठं जाता येत नाही. मोठमोठी घाईची माणसं गाडीत हात मांडीवर ठेवून बसतात. ते बघायला मला आवडतं. शनिवारी सकाळी काठावरचं दगडी चर्च उघडतो आणि झाडतो. बाकांच्या फटींतून अजून पुराचा गाळ निघतो. कुणी यायच्या आत थोडा वेळ बसतो. शब्द बहुतेक तेच, जे तुम्ही लोक लहानपणी शिकवता.

त्यावरूनच प्रश्न आहे. माणूस ज्या घरात प्रार्थना शिकला ते घर सुटलं, आणि तीच प्रार्थना तो दुसऱ्या घरात करू लागला, तर ती पोचते का? की पत्ता चुकला म्हणून परत येते?

रहिवासी, घर क्रमांक १४


पेनरोझ सभागृह
१७ नोव्हेंबर

प्रिय शेजारी,

मुलीविषयी सविस्तर कळवलंत, आभारी आहे. कोणती पुस्तिका पाठवावी ते मला ठरवता आलं नाही. एकही पाठवत नाही. तिला माझ्या वतीनं सांगा, करपलेला पाव पोटाला वाईट नसतो. मी आयुष्यभर खाल्ला.

तुमच्या प्रश्नाला मंडळीचं उत्तर आहे, ते तुम्ही जाणता. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर छापलेलं आहे. त्याहून वेगळं उत्तर द्यायचा मला अधिकार नाही. मी ते इथं उतरवून काढायला घेतलं. हात थांबला. पुन्हा घेतलं, पुन्हा थांबला. म्हणून तो प्रश्न राहू देते.

आता अडचणीचं सांगते. शांतपणे वाचा.

एखाद्या रहिवाशाला तीन उत्तरं गेली की मंडळी चालवणाऱ्या वडीलजनांपैकी दोघांनी त्याच्या घरी जाऊन भेटायचं, असा इथला शिरस्ता आहे. हे तिसरं. शनिवारी दोन डिसेंबरला सकाळी दोघे तुमच्याकडं येतील. एक नवीन आहेत, मागच्याच वर्षी इथं राहायला आले. दुसरे ब्रदर होस्किंग. सभागृहात उभं राहून, अमुक मनुष्य आता आपल्यापैकी नाही, असं ज्यांनी एकोणीस वर्षांपूर्वी वाचून दाखवलं, तेच. ते तुम्हाला ओळखतील.

मी त्यांना काही सांगितलेलं नाही. पण विचारलं तर खोटं बोलणार नाही. मला बसवून जाब विचारतील, कदाचित माझंही नाव सभेत वाचतील. मग इथली माणसं माझ्याशी बोलायची थांबतील. औषधं आणणारी एस्मे, गुरुवारी सूप आणणारे होस्किंग, सगळीच. माझ्या वयाला दुसरी माणसं कुठून आणायची?

तुम्ही आधीच 'येऊ नका' असं कळवू शकता. मग ते येणार नाहीत, मी फुली करीन आणि कुणाला काही कळणार नाही. पत्रंही येणार नाहीत.

तशीही ती फार दिवस येणार नव्हती. जानेवारीत मी ॲडलेडला मुलीकडं कायमची राहायला जाते. लॉर्नाच्या घरात नियम माझ्याहून कडक आहेत. हे कार्ड मंडळीतल्या दुसऱ्या बहिणीकडं जाईल.

काय करावं ते मी तुम्हाला सांगणार नाही. मी थकले आहे, शेजारी.

एम. जी.


मुंडारा
३ डिसेंबर

आई,

'येऊ नका' असं मी कळवलं नाही. का, ते सांगतो. चार दिवस मी तसं पत्र खिशात घेऊन बोटीवर फिरलो. मग ठरवलं, शनिवारी मी कामावर राहायचं आणि बर्नीनं त्यांना भेटायचं. पण तेही जमेना. लपून तुझं नाव राखलं, तर ते तुलाच आवडलं नसतं.

सकाळी बर्नी खिडकीतून ओरडली, "जोएल, दारात दोन टाय आलेत!"

मी दार उघडलं. होस्किंग फार म्हातारा झालाय. कॉलरमधून मान अशी निघते जशी कुंडीतून काठी. त्यानं मला पाहिलं आणि हॅट काढली. नवा माणूस हसून म्हणाला, "नमस्कार! आमच्या बहिणीला तुम्ही फार सुंदर प्रश्न विचारलेत म्हणे. आम्हांला वाटलं, प्रत्यक्ष भेटून—"

"आत या आधी," बर्नी मागून म्हणाली. "दार उघडं ठेवून शास्त्र सांगाल तर आमच्या आधी माश्यांना मोक्ष मिळेल."

ते आत आले. बर्नीनं चहा आणि स्कोन मांडले, तिच्या हातचा जर्दाळूचा मुरंबा ठेवला. होस्किंगनं कशालाच हात लावला नाही. मी त्याच टेबलाशी बसलो होतो, तेव्हा त्याला लावताच येईना. नवा माणूस मात्र दोन स्कोन खाऊन म्हणाला, "मग, साहेबांचं नाव काय?"

आई, बर्नीच्या हातात किटली तशीच राहिली.

होस्किंग घाईनं मधे पडला, पण बोलला सावकाश, समजतंय का तुला? चौकटीवरच्या पुराच्या खुणेकडं बघत म्हणाला, "नाव नंतर. आधी रहिवाशाला एक विचारायचं असतं. यापुढं पत्रं यायला हवीत का? नको असतील तर मी इथंच फुली करतो, आणि फुलीला नाव लागत नाही. हवी असतील तर मग मला नाव विचारावं लागेल."

नवा माणूस गोंधळला. "पण ब्रदर, यांनी तर स्वतःहून प्रश्न—"

"विचारू दे मला," होस्किंग म्हणाला.

मी टेबलाखाली हात घट्ट धरले होते. मला पत्रं हवी होती, आई. पन्नाशीला आलेला माणूस मी, दुपारी जेवायला आलो की आधी पत्रपेटीत हात घालत होतो.

मी म्हटलं, "नको."

त्यानं खिशातून पेन काढलं आणि कार्डावर फुली केली. एवढीशी फुली करायला त्याला फार वेळ लागला.

नवा माणूस गाडीकडं गेला. होस्किंग पायरीवर थांबला. माझ्याकडं पाठ. बर्नी दारात उभी होती, तिच्याकडं बघून म्हणाला, "बाई, तुम्ही आमच्यातल्या कधीच नव्हता. तुमच्याशी बोलायला मला हरकत नाही."

"बरं झालं सांगितलंत. मी काळजीत होते."

"सिस्टर गार्ट्रेल म्हणून आमच्या एक आहेत. सोळा जानेवारीला, मंगळवारी, मी त्यांना ॲडलेडला पोचवणार आहे. लोक पुलावरून जातात. मला फेरीबोट बरी वाटते. दुपारच्या सुमाराला इथं येऊ."

बर्नी म्हणाली, "हे मला कशाला सांगताय? मी काय दुभाषी आहे?"

"हो," होस्किंग म्हणाला. "आज आहात."

आणि हॅट घालून गेला. पायऱ्या उतरताना कठड्याला धरत होता. एकोणीस वर्षं मी त्या माणसाशी मनात भांडत आलोय. पुढचं वाक्य तयार होतं माझ्याकडं, रोज घासूनपुसून ठेवलेलं. ते बोलायचं राहून गेलं आणि आता सापडत नाहीये.

फुली झाली आहे, त्यामुळं हे पत्र तुला देतील की नाही ठाऊक नाही. दिलं, तर एवढंच. त्या मंगळवारी बोटीवर माझी पाळी आहे. नसती तर मागून घेतली असती. तू काही बोलू नकोस. काचही उतरवू नकोस. आमच्या बोटीवर कुणीही बसू शकतं, आणि मी सगळ्यांनाच पलीकडं नेतो.

जोएल


ॲडलेड
२५ जानेवारी २०२४

जोएल,

हे पत्र कुठल्याच कार्डावर नाही. लॉर्ना भाजी आणायला गेली आहे. आली की तिला सांगणार आहे की मी तुला लिहिलं, आणि होस्किंगलाही कळवणार आहे. लपवून करण्यासारखं यात काही नाही. मग जे व्हायचं ते होईल. रेघा आखलेल्या नाहीत. पेन्सिल मला दिसत नाही आता. ओळी नदीत गेल्या तर जाऊ देत.

तुझं पत्र मिळालं होतं. होस्किंग गुरुवारी सूप घेऊन आला आणि म्हणाला, "मर्ल, एका रहिवाशाचं पत्र फुलीनंतर आलंय. याचं काय करायचं मला कळत नाही. म्हणून ते मी तुझ्या टेबलावर विसरतो." आणि विसरून गेला. इतक्या वर्षांत त्यानं मला सिस्टर सोडून नावानं कधी हाक मारली नव्हती.

त्या दिवशी तू गाडीच्या पुढून गेलास, मागून आलास. सगळ्यांना सांगतोस तसं होस्किंगला सांगितलंस, "दिवे बंद करा, हँडब्रेक लावा." एकोणीस वर्षांनी तुझा आवाज ऐकला तो एवढाच. जाड झालाय. तुझ्या बाबांसारखा. तू माझ्याकडं पाहिलं नाहीस. मला अवघड होऊ नये म्हणून, हे कळलं मला. मी मात्र पाहिलं. बोलू नये असा नियम आहे, बघू नये असा कुठं आहे? इतकी वर्षं हे माझ्या लक्षात कसं आलं नाही, देव जाणे. स्मशानातही मी मान वळवायला नको होती.

मग होस्किंगनं मागची काच खाली केली. "फार उकडतंय," असं स्वतःशीच म्हणाला. आणि ती मुलगी हातात बाटली घेऊन आली. "आजी, मी टेस. लिंबूपाणी आणलंय."

मी काय काय ठरवून ठेवलं होतं. तोंडातून आलं ते, "तू डावखुरी."

"हो, आणि करपलेला पाव खाते. तुम्हीपण ना? बाबा म्हणतो मी तुमच्यासारखी चालते. खरंय का? चालून दाखवा ना."

"या खुब्यानं?"

"मग थांबा, मी दाखवते." आणि ती बोटीच्या त्या टोकापर्यंत गेली आणि परत आली, डावा हात कमरेमागं धरून. माझी आई अशी चालायची, जोएल. जर्दाळूच्या शेडमधून ट्रे पोचवून परत येताना. मी तिचीच उचलली आणि ही माझी. मधे कुणी कुणाला शिकवलं नाही. होस्किंग सगळा वेळ नदीकडं बघत होता. इतकी काय नदी बघायची असते!

मी तिचा हात हातात घेतला. ती माझ्या मंडळीत नाही, कधी नव्हती, तेव्हा त्यालाही कुणाची हरकत नव्हती. पण हरकत असती तरी घेतला असता, असं मला आता वाटतंय.

तू प्रार्थनेचं विचारलं होतंस. पोचते की परत येते. मला खरंच ठाऊक नाही. मी एकोणीस वर्षं रोज एक केली आहे, तुझ्यासाठी, तुझं नाव घेऊन. पत्ता मला ठाऊक नव्हता. ती पोचली का, हे आता तू मला सांगायचंस.

आणखी एक. तिला मी म्हणणार होते, तुझ्या बापाला एवढं सांग. तेवढ्यात दांडा वर गेला, गाडी हलली आणि राहूनच गेलं. त्यासाठीच खरं तर हे पत्र.

एवढ्या उन्हात तू उघड्या डोक्यानं उभा होतास. आधीच टक्कल पडलंय तुला. टोपी घालत जा.

आई